गादी, घर आणि मन

१९६२ साली एरिक एरिक्सन हे ख्यातनाम मनोविश्लेषक अहमदाबादला आले. मानवी जीवनचक्र या विषयावरील परिसंवादासाठी त्यांना पाचारण करण्यात आले होते. मन केवळ बालपणात घडून थांबत नाही. जन्मापासून अखेरच्या श्वासापर्यंत ते टप्प्याटप्प्याने घडत राहते आणि प्रत्येक टप्प्याचा आपला असा एक पेच असतो, ही मांडणी त्यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात केलेली होती. अहमदाबादेतील त्या मुक्कामात त्यांचा परिचय अंबालाल साराभाई यांच्याशी झाला. अंबालालशेठ हे नामवंत जैन गिरणीमालक. १९१८ च्या गिरणी संपात मालकपक्षाचे ते एक प्रमुख होते, आणि समोर कामगारांच्या बाजूने गांधीजींसमवेत उभ्या होत्या त्यांच्याच सख्ख्या थोरल्या भगिनी अनसूयाबेन. याच संपाला केंद्रस्थानी ठेवून एरिक्सन यांनी पुढे ‘गांधीज ट्रुथ’ हा ग्रंथ लिहिला. १९६९ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्याला पुलित्झर पारितोषिक लाभले.

या भावंडांची कथा व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. आईवडिलांचे छत्र दोघांनीही बालपणीच गमावले. काकांच्या घरी ती वाढली. अनसूयाबेनचा विवाह कोवळ्या वयात झाला, तो टिकला नाही, आणि त्या माहेरी परतल्या. त्या काळात परत आलेल्या मुलीच्या वाट्याला घराचा एक कोपरा येत असे. येथे मात्र धाकट्या भावाने बहिणीला १९१२ साली शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. तेथून परतल्यावर ज्या कामगारांची बाजू तिने घेतली, त्यांत भावाच्या गिरण्यांतील कामगारही होते. बालपणातील पोरकेपण, तारुण्यातील विवाहाचे अपयश आणि प्रौढपणी सख्ख्या भावाशी उघड मतभेद हे तीन आघात एकाच आयुष्यात येऊनही ते आयुष्य मोडले नाही. त्या बाईंचे मनोबल थोर होते, यात शंका नाही. परंतु आपत्तीच्या वेळी एका माणसाने पाठीवर ठेवलेला हात आणि दुसऱ्यांदा मिळालेली संधी यांचाही त्यात मोठा वाटा होता. मनःस्वास्थ्याच्या चर्चेत ‘मानसिक’ आणि ‘सामाजिक’ असे दोन शब्द नेहमी जोडीने येतात, ते याच कारणाने.

आपल्या घरांत तर ही जोडी अधिकच घट्ट असते. नोकरदाराचे कार्यालय सायंकाळी मागे राहते. दुकानदाराचे दुकान त्याच्याबरोबर घरी येते, ताटाशी बसते आणि पुष्कळदा उशाशीही झोपते. वडील हेच मालक, काका हेच भागीदार, आणि मोठ्या भावाशी झालेला किरकोळ वाद म्हणजे एका अर्थी व्यवहारातील वाद. म्हणून वयाच्या टप्प्यांचा विचार करताना ‘घर’ आणि ‘गादी’ यांना वेगळे काढता येत नाही.

ताटावरच्या गोष्टी

लहान मूल काय पाहते यापेक्षा काय ऐकते, याकडे आपले दुर्लक्ष होते. एखाद्या पार्टीने पैसे बुडविले, बँकेचे पत्र आले, काका वेगळे व्हायचे म्हणतात, हे सारे बोलणे रात्रीच्या नव्हे तरी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात चालू असते. मुलाला त्यातील आकडे कळत नाहीत, स्वर कळतो. आणि मुले ज्याचा अर्थ लावता येत नाही त्याचे कारण स्वतःकडे ओढून घेतात : ‘मी हट्ट केला म्हणून बाबा चिडले.’

१९९८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सतरा हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारित असा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध होऊ लागला. बालपणी मारहाण, उपेक्षा, घरातील व्यसन, आईवर होणारा अत्याचार, घरातील कोणाचा मानसिक आजार असे अनुभव जितके अधिक, तितके प्रौढपणी नैराश्यच नव्हे, तर हृदयविकारासारख्या शारीरिक व्याधींचे प्रमाणही अधिक, असे त्यातून दिसून आले. अर्थात हा समूहाचा हिशेब आहे, एका मुलाचे भविष्य नव्हे. बालपणी सोसलेल्या अनेकांचे आयुष्य पुढे सुरळीत जाते. अशा मुलांच्या बाबतीत पुन्हापुन्हा आढळणारी गोष्ट साधी आहे : न बदलणारे, न चिडणारे, विचारपूस करणारे एक तरी मोठे माणूस त्यांच्याजवळ होते. ते आईवडीलच असावे लागते असे नाही. आजी चालते, शिक्षिका चालते, दुकानातील जुने मुनीमजीही चालतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्या कार्याकडे आपण दान म्हणून पाहतो. मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर आघातानंतर मुलाला सर्वप्रथम लागते ते ठरावीक वेळेला जेवण, ठरावीक वेळेला शाळा, आपल्यासारखीच बरोबरीची मुले आणि उद्याही हेच असेल याची खात्री. उपदेश त्याच्या फार मागून येतो.

‘कितवा अटेम्प्ट?’

किशोरावस्था आणि तारुण्याचा उंबरठा याबद्दल एक आकडा प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा. रोनाल्ड केसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीनुसार, आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे ज्या वर्षांत आपण ‘वयच तसे आहे’ म्हणून हसण्यावारी नेतो, तीच वर्षे सर्वाधिक लक्ष देण्याची असतात. वय खरोखरच तसे असते, हेही खोटे नाही. मग भेद ओळखावा कसा? चिडचिड एक-दोन दिवसांची असेल तर वयाची म्हणावी; पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ झोप, भूक, मित्र आणि अभ्यास या चारही ठिकाणी मुलगा किंवा मुलगी बदललेली दिसली, तर वयाला दोष देणे थांबवावे.

आपल्या समाजात या वयावर एक खास ओझे आहे, आणि ते म्हणजे सी. ए. ची परीक्षा. बुद्धिमान मुलांनाही ती अनेक वेळा द्यावी लागते, कारण तिचा निकालच मुळात कमी लागतो. दरम्यान बरोबरीची मुले नोकरीला लागतात, कोणी दुकानात बसते, कोणाचा साखरपुडा होतो. हा मुलगा मात्र खोलीत पुस्तके घेऊन बसलेला. नातलगांच्या लग्नात पंगतीत बसल्यावर पहिला प्रश्न येतो : ‘कितवा अटेम्प्ट?’ विचारणाऱ्याच्या मनात काहीच नसते. ऐकणारा मात्र पुढच्या लग्नाला येत नाही. माणसांपासून तुटणे हे निराशेचे लक्षणही असते आणि कारणही, आणि म्हणूनच ते धोक्याचे असते. या प्रश्नाला पर्याय शोधायला फारशी प्रतिभा लागत नाही. ‘क्रिकेट पाहतोस की नाही?’ एवढे विचारले तरी चालते.

जो मुलगा परीक्षेच्या वाटेला न जाता थेट गादीवर बसतो, त्याचे काय? जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली एरिक्सन यांच्या ‘ओळख’ या कल्पनेचा पुढे विस्तार केला. ज्याने पर्याय चाचपडून पाहिलेच नाहीत आणि घराने दिलेली ओळख जशीच्या तशी स्वीकारली, अशा तरुणांचा त्यांनी एक स्वतंत्र वर्ग मानला. आपण तिला ‘आयती ओळख’ म्हणू. गंमत अशी की हे तरुण दुःखी नसतात. उलट त्यांच्यातील चिंतेचे प्रमाण इतरांपेक्षा कमी असते आणि आईवडिलांशी त्यांचे सख्य असते. अडचण पुढे येते. ज्या जगासाठी ती ओळख घडविलेली असते ते जगच पालटते, तेव्हा त्यांना वळणे जड जाते. घाऊक किराण्याचा किंवा कापडाचा व्यापार ऑनलाइन विक्रीने निम्म्यावर आला, तर पंचविसाव्या वर्षी आणखी दोन गोष्टी करून पाहिलेला मुलगा मार्ग काढतो. आयत्या ओळखीचा मुलगा चाळिशीत पहिल्यांदाच विचारतो की, ‘मी कोण?’ म्हणून मुलाला गादीवर बसवायचेच असेल तर आधी दोन-तीन वर्षे दुसऱ्याकडे, दुसऱ्या गावी, जमल्यास दुसऱ्याच व्यवसायात काम करू द्यावे. ही उधळपट्टी नव्हे, भांडवल आहे.

तालुक्याच्या गावी दुकान सांभाळणाऱ्या मुलांचे विवाह जमत नाहीत, हा प्रश्न आता प्रत्येक परिचय मेळाव्यात ऐकू येतो. मुली शिकल्या, त्यांना शहर हवे आहे. यात त्यांचे काही चुकत नाही. पण तिशी ओलांडलेल्या त्या मुलाकडे सगळे घर ‘प्रश्न’ म्हणून पाहू लागते, हे त्याला दिवसभर जाणवत असते. स्थळे पाहण्याची चर्चा त्याच्यासमोर, त्याला वगळून, दररोज होऊ नये, एवढे पथ्य तरी पाळता येईल.

नवी सून, नवे बाळ

विवाहानंतर मुलाचे घर तेच राहते, मुलीचे सगळेच बदलते. एरिक्सन या वयाचा पेच ‘जवळीक की एकाकीपण’ असा मांडतात. भरल्या घरात, दहा माणसांच्या स्वयंपाकात, सून एकाकी असू शकते, हे त्यातून कळते. तिच्या मनःस्वास्थ्याशी जुळलेल्या गोष्टी फार मोठ्या नसतात : दिवसातील एखादा तास जो कोणाला जाब न देता आपला म्हणता येईल, थोडा पैसा ज्याचा हिशेब मागितला जाणार नाही, आणि माहेरच्या फोनवर कोणाचे कान नसणे.

प्रसूतीनंतरच्या काळाबद्दल मात्र मोठ्यानेच बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकाराचा, मुख्यत्वे नैराश्याचा त्रास होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण त्याहून अधिक आहे. बाळ सुदृढ आहे, डिंकाचे लाडू झाले आहेत, बारसे थाटात झाले आहे, आणि बाळाची आई भिंतीकडे तोंड करून रडते आहे. घरातील ज्येष्ठ स्त्रिया म्हणतात, ‘आम्ही नाही का चार-चार बाळंतपणे केली?’ केली, हे खरे; त्यांतल्या किती जणी तेव्हा अशाच रडल्या, हे कोणी विचारले नव्हते. पहिल्या काही दिवसांतील हळवेपणा आपोआप ओसरतो. तो दोन आठवड्यांपुढे टिकला, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा जगू नये असे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते तातडीने घ्यायचे असतात. बाळाला अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधे उपलब्ध आहेत. मात्र ती डॉक्टरांनीच ठरवायची.

पत

व्यापाऱ्याच्या प्रौढ वयाचा सारा ताण एका दोन अक्षरी शब्दात मावतो : पत. पैसा गेला तर पुन्हा मिळतो, पत गेली तर मिळत नाही, असे आपण मुलांना शिकवितो. ही शिकवण व्यवहाराला उपकारक आहे, मनाला मात्र कधीकधी प्राणघातक ठरते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२० साली, टाळेबंदीच्या वर्षात, देशात ११,७१६ व्यावसायिकांनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षी शेतीक्षेत्रातील आत्महत्यांची संख्या १०,६७७ होती. व्यावसायिकांच्या या गटात दुकानदार, फेरीवाले आणि इतर व्यवसाय करणारे सर्व येतात. शेतकऱ्यांच्या दुःखाविषयी समाज बोलतो, तसे बोललेच पाहिजे. परंतु दुकानाचे शटर खाली ओढून आत बसलेल्या माणसाविषयी कोणी बोलत नाही, कारण तो स्वतःच काही बोलत नाही.

तो का बोलत नाही? कारण बोलला तर बातमी बाजारात जाईल, उधारी देणारे हात आखडतील, घेणेकरी एकाच दिवशी दारात उभे राहतील. ही भीती काल्पनिक नाही. म्हणून ‘मन मोकळे करा’ हा सल्ला व्यापाऱ्याला सरसकट देणे भोळेपणाचे आहे. मन मोकळे करावे, परंतु कोठे, हे ठरवून. बाजाराशी ज्याचा संबंध नाही असा जुना शाळासोबती, दुसऱ्या गावचा मेहुणा, समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ. आणि पत्नी. पुष्कळ घरांत नुकसानीची वार्ता पत्नीला सर्वांत शेवटी कळते, तीही दुसऱ्याच्या तोंडून. ‘तिला उगाच काळजी नको’ या मायेपोटी पती तिला अंधारात ठेवतो आणि स्वतः एकटा पडतो. तिला काळजी असतेच. कारण माहीत नसलेली काळजी अधिक जाळते.

या वयासाठी एका विचारपद्धतीचा उल्लेख करावासा वाटतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. तिचे सार असे की, घटना आपल्याला थेट दुःख देत नाही. घटनेविषयीचा आपला आग्रह दुःख देतो. ‘दिवाळीपर्यंत वसुली व्हावी अशी माझी इच्छा आहे’ हे एक वाक्य आणि ‘दिवाळीपर्यंत वसुली झालीच पाहिजे, नाहीतर मी तोंड दाखवू शकणार नाही’ हे दुसरे. पहिल्या वाक्याने माणूस प्रयत्नाला लागतो, दुसऱ्याने त्याची झोप जाते आणि झोप गेलेला माणूस वसुलीही नीट करू शकत नाही. इच्छेचे ‘पाहिजेच’ मध्ये रूपांतर कोठे झाले, हे पकडायला शिकणे ही सवय आहे आणि ती पन्नाशीतही लागते.

किल्ल्या

आता ज्या टप्प्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते आणि ज्यामुळे घरे सर्वाधिक पोळतात, त्याकडे वळू. वडील बहात्तर वर्षांचे, मुलगा सत्तेचाळीसचा. दुकान मुलगा चालवितो, जी.एस.टी. चे विवरणपत्र तो भरतो, मालाची मागणी तो नोंदवितो. परंतु तिजोरीच्या किल्ल्या वडिलांच्या जानव्याला असाव्यात तशा कमरेला आहेत, धनादेशावर सही त्यांची आहे आणि पन्नास हजारांच्या सौद्यासाठी मुलाला समोरच्याला सांगावे लागते, ‘बाबूजींना विचारून कळवतो.’ समोरचा गालात हसतो. ते हसू मुलगा घरी घेऊन येतो आणि पत्नीवर, मुलांवर काढतो.

एरिक्सन यांच्या मते मध्यम वयातील माणसाची खरी भूक असते ती पुढच्या पिढीसाठी काही घडविण्याची. ती भागली नाही तर माणूस साचून राहतो, डबक्यासारखा. वृद्धापकाळाचा पेच निराळा : मागे वळून पाहताना ‘जे झाले ते माझे होते आणि ते ठीक होते’ असे म्हणता येणे, अन्यथा खंत. येथे दोन पिढ्यांचे दोन पेच एकाच गादीवर येऊन आदळतात. मुलाला घडवायचे आहे, पण त्याच्या हाती काही नाही. वडिलांना समाधानाने सोडायचे आहे, पण सोडल्यावर आपण कोण, हे त्यांना ठाऊक नाही. सोळाव्या वर्षी जे दुकानात बसले, त्यांना दुकानाबाहेरची ओळख कधी मिळालीच नाही. आपण त्यांना ‘सत्तेचा लोभ’ म्हणून मोकळे होतो. बहुधा ते भय असते.

यावर ‘आता आराम करा’ हे उत्तर नव्हे. ज्याने आयुष्यभर सकाळी नऊला शटर उघडले, त्याला दहा वाजता करण्यासारखे काही नसणे ही शिक्षा आहे. ज्या घरांत हे हस्तांतर सुखाने झालेले दिसते, तेथे तीन गोष्टी आढळतात. एक म्हणजे तारीख ठरलेली असते. पाडव्याच्या वहीपूजनाइतका योग्य मुहूर्त दुसरा नाही, कारण त्या दिवशी नवी वही तशीही उघडायचीच असते. दुसरे, वडिलांकडे एक खरेखुरे खाते राहते, शोभेचे नव्हे : जुन्या खेड्यांतील गिऱ्हाइकांचे संबंध, मालाची पारख, किंवा कुटुंबाच्या दानधर्माचा हिशेब, त्यात मुलगा हात घालत नाही. तिसरे, त्या तारखेनंतर वडील नोकरांसमोर मुलाचा निर्णय फिरवीत नाहीत. घरी कान पिळायला मोकळीक असते! दोन भाऊ असतील तर वाटणीचा कागद वडिलांच्या हयातीत, सर्व सुना समोर असताना व्हावा. तो कागद प्रेमाच्या आड येतो असे वाटते. प्रत्यक्षात संशयाच्या आड येतो.

आणि घरातील वृद्ध स्त्री? तिला निवृत्ती नाही, म्हणून तिच्या निवृत्तीचा विचारही नाही. तिच्या किल्ल्या स्वयंपाकघराच्या असतात आणि त्या कोणत्याही समारंभाविना एके दिवशी काढून घेतल्या जातात. पतीच्या निधनानंतर तर तिचे मत विचारण्याची पद्धतच बंद होते.

वार्धक्यात शरीराची एक साधी उणीव मनावर केवढी परिणाम करते याचे उदाहरण म्हणजे बहिरेपण. ऐकू येत नाही म्हणून आजोबा चुकीचे उत्तर देतात, नातवंडे हसतात, मग आजोबा बोलणेच सोडतात, आणि घर म्हणते, ‘हल्ली त्यांना विसर पडतो.’ ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाची गणना केली आहे. श्रवणयंत्राला ‘म्हातारपणाची जाहिरात’ समजून नकार देणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे सांगावे. चष्म्याला त्यांनी नकार दिला नव्हता.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे. विद्यापीठातील तरुण आणि बॉस्टनच्या गरीब वस्तीतील मुले अशा दोन गटांचा त्यांच्या म्हातारपणापर्यंत मागोवा घेण्यात आला. पन्नाशीतील कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा, पन्नाशीत माणूस आपल्या नात्यांत किती समाधानी होता, यावरून ऐंशीव्या वर्षीच्या प्रकृतीचा अंदाज अधिक चांगला बांधता आला, असे या अभ्यासाचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात. अभ्यासातील मूळचे सर्व जण गोरे अमेरिकन पुरुष होते, हे लक्षात ठेवून त्याचा अर्थ लावावा. तरीही दरवर्षी न चुकता रक्त तपासणाऱ्या आपल्या पन्नाशीतील मंडळींना, ज्या भावाशी सात वर्षे बोलणे नाही त्याची आठवण करून द्यायला तो पुरेसा आहे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ चा संदेश आपण शेकडो जणांना एकाच वेळी पाठवितो. त्या शेकडोंत तो एक क्रमांक बहुधा नसतो.

झाकलेले दार

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश यांसह बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि उपचारांपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के इतके होते. आपल्या समाजात डॉक्टरांची फी हा अडसर सहसा नसतो. अडसर असतो बिऱ्हाडातील धाकट्या बहिणीच्या लग्नाचा. ‘एकदा तिचे होऊ दे, मग दाखवू.’ तिचे लग्न होईस्तोवर मोठ्याचा आजार चार वर्षे मुरतो. आणि मुरलेला आजार लपत तर नाहीच, उलट बराही उशिरा होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देण्याचे बंधन त्याच कायद्याने विमा कंपन्यांवर घातले आहे. घरची पॉलिसी नूतनीकरण करताना ते कलम वाचून घ्यावे. ज्यांना गावातील दवाखान्यात जाण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य उपलब्ध आहे.

दुसरा अडसर नाजूक आहे. ‘सामायिकात मन लागत नाही, स्वाध्यायाला बसवत नाही,’ असे एखादे श्रावक किंवा श्राविका सांगू लागली की आपण श्रद्धा उणावली असे समजतो. इष्टवियोग, अनिष्टसंयोग, वेदना आणि निदान असे आर्तध्यानाचे चार प्रकार आपल्या ग्रंथांनी सांगितले आहेत. दुःखात घोळत राहणाऱ्या मनाचे ते सूक्ष्म निरीक्षण आहे. परंतु ज्या गोष्टींत आयुष्यभर गोडी होती तीतूनच गोडी उडणे हे नैराश्याच्या आजाराचे ठळक लक्षण आहे. जिचा दहा वर्षांचा नेम अचानक सुटला, त्या आजीला प्रवचनाआधी डॉक्टरांकडे न्यावे. नेम मग आपोआप परत येतो, असे पुष्कळदा दिसते.

शेवटी चातुर्मासाच्या तोंडावर एक व्यवहाराची सूचना. मनोविकारांवरील काही औषधांचा शरीरातील पाण्याशी थेट संबंध असतो. मनोदशेच्या तीव्र चढउतारांवर दिले जाणारे लिथियम हे त्यांतील प्रमुख. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील त्याचे प्रमाण वाढते आणि ते विषारी ठरू शकते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे ही त्याची चिन्हे. असे औषध चालू असलेल्याने चौविहार उपवास किंवा अठ्ठाई करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. उपवासासाठी औषध परस्पर बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे. रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेतली तर चालेल का, याचे उत्तर औषधागणिक वेगळे असते. डॉक्टर वेळ बदलून देऊ शकतात, मात्र त्यांना आपला नियम माहीत असावा लागतो. पहिल्या भेटीतच तो सांगावा आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांसह, एका पिशवीत घालून बरोबर न्यावीत.